झोका कोण देतो?

मुलुंडच्या पूर्वेला मिठागरे ओलांडली की ठाण्याची खाडी लागते, आणि बोरिवलीच्या पश्चिमेला एक्सर मागे टाकले की गोराईची. मधल्या पट्ट्यात राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, तुळशी-विहार-पवईचे तलाव, दोन रेल्वेमार्ग, दोन द्रुतगती महामार्ग आणि माणसे. एवढ्याशा जागेत मागेपुढे, वरखाली किंवा चालू-बंद होणाऱ्या गोष्टींची यादी काढायला बसले तर ती संपत नाही. खाडीचे पाणी, लोकलचा डबा, महामार्गावरची रांग, घरातल्या दिव्यातली वीज, रात्रपाळी करणाऱ्याची झोप, पावसाची झड आणि उघडीप, डोंगरावरची कारवी. भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी या चारही खात्यांतली दोलने इथे एका तिकिटात पाहायला मिळतात.

शाळेत दोलन शिकवतात ते लंबकावरून. गोळा बाजूला ओढा, सोडा. तो मध्याकडे येतो, वेगामुळे पुढे निघून जातो, पुन्हा परततो. त्याचे समीकरण साधे आणि सुंदर आहे. तेच समीकरण पुढे स्प्रिंगमध्ये, विजेच्या मंडलात, रेणूच्या बंधात भेटत राहते आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की जगातली सगळी दोलने म्हणजे वेष बदललेले लंबक. माझी तक्रार या समजुतीशी आहे. लंबकाची सगळ्यात ठळक गोष्ट ही की तो थांबतो. हवेचा आणि खुंटीचा विरोध त्याची ऊर्जा खातो. उलट वर दिलेल्या यादीतले काहीही थांबत नाही. म्हणजे बागेतल्या झोक्यासारखे कुणीतरी ढकलत असले पाहिजे, आणि कुठल्याही दोलनाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: झोका कोण देतो? बाहेरचा कुणी? की ते दोलन स्वतःच एखाद्या संथ प्रवाहातून ऊर्जा काढून घेते? की शेजारी एकमेकांना देतात? समीकरणे सारखी दिसली तरी या तीन उत्तरांचे परिणाम अगदी वेगळे असतात. कुणाचे भाकीत करता येईल, कुणाला रोखता येईल आणि कुणाशी जुळवून घ्यावे लागेल, हे त्यावर ठरते.

बाहेरून मिळणाऱ्या झोक्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे भरती-ओहोटी. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची नेमकी १२ तासांची. दोन्ही जुळून येतात तेव्हा अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, एकमेकींना छेद देतात तेव्हा अष्टमीच्या आसपासचा भांग. गोराई-मनोरीच्या कोळ्याला हे पंचांगापेक्षा जास्त पाठ असते. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की आवाज फुगतो-ओसरतो, त्याचे आणि उधाण-भांगाचे गणित एकच. पण चंद्र-सूर्य सगळीकडे सारखेच असताना गोव्यात पाणी दोनेक मीटर चढते, मुंबईत उधाणाच्या दिवशी साडेचार-पाच मीटर आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या वर. याचे कारण समुद्राच्या तळात आहे. मुंबईसमोर भूखंडालगतचा उथळ मंच खूप रुंद होतो आणि पुढे आखात नरसाळ्यासारखे अरुंद होत जाते. पाण्याच्या त्या पसरट साठ्याचा स्वतःचा हेलकावा चंद्राच्या ठेक्याच्या जवळपास येतो, म्हणून लहान धक्का मोठा होतो. भौतिकशास्त्रात याला अनुस्पंदन म्हणतात.

बाहेरचा झोका नियमित असला की भाकीत जवळपास अचूक होते. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीची नोंद आहे. आशियातल्या सर्वांत लांबलचक नोंदींपैकी ती एक. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून लंडनमध्ये एक यंत्र तयार झाले, खास भारतीय बंदरांसाठी. चंद्र-सूर्याच्या वेगवेगळ्या लाटांसाठी वेगवेगळ्या कप्प्या, सगळ्यांवरून फिरवलेली एकच तार आणि तारेच्या टोकाला लेखणी. हँडल फिरवले की पुढच्या वर्षीची भरती कागदावर उमटायची. संगणक यायच्या कितीतरी आधी मुंबईची भरती वर्षभर आधी छापली जात होती ती अशी.

आणि तरीही २६ जुलै २००५ घडला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघून साकीनाक्यावरून माहीमला जाणारी मिठी नदी फुगली, आणि त्याच दुपारी समुद्रात साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती. भरतीची वेळ आधीपासून ठाऊक होती, पावसाची नव्हती. उपनगरांतल्या कित्येक नाल्यांची तोंडे उधाणाच्या पातळीखाली आहेत. भरती असेपर्यंत पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते. म्हणून इर्ल्यासारखी उदंचन केंद्रे बांधावी लागली. एक दोलन घड्याळासारखे आणि दुसरे लहरी असले की त्यांच्या गाठीभेटीचा हिशेब शक्यतांच्या भाषेतच मांडावा लागतो. पावसाकडे मी पुढे येणारच आहे.

दुसऱ्या जातीच्या दोलनांबद्दल पाठ्यपुस्तकांनी बराच गोंधळ घातला आहे. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याची फिल्म आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वर्गांतही ‘अनुस्पंदन’ या धड्याखाली दाखवतात. १९९१ मध्ये बिल्ला आणि स्कॅनलन यांनी सविस्तर लिहून दाखवले की ते अनुस्पंदन नव्हतेच. अनुस्पंदनाला बाहेरून ठेका लागतो आणि त्या दिवशीचा वारा ठेका धरून वाहत नव्हता, तो सलग होता. पूल वळला की वाऱ्याचा दाब असा बदलायचा की पूल आणखी वळायचा. संथ वाऱ्यातून ऊर्जा खेचून घेऊन पूल स्वतःलाच झोका देत होता. फरक शब्दांपुरता नाही. अनुस्पंदन टाळायचे तर ठेका चुकवायचा. स्वयंचलित दोलन टाळायचे तर रचनेचा आकारच बदलावा लागतो.

याचे रोजचे उदाहरण चर्चगेट-बोरिवली जलद गाडीच्या चाकाखाली असते. रेल्वेचे चाक सरळ नळकांडे नसते, किंचित शंकूसारखे असते. जुन्या मानक चाकाला वीसास एक उतार. या उतारामुळे धुरी एका बाजूला सरकली की त्या बाजूचे चाक मोठ्या परिघावर चालते, जास्त अंतर कापते आणि धुरी आपोआप मध्याकडे वळते. वळते आणि पुढे निघून जाते. म्हणजे रुळांवर धुरी सतत नागमोडी चालते. जर्मन अभियंता क्लिंगेल याने १८८३ मध्ये या नागमोडीची लांबी काढली. आपल्या ब्रॉडगेजला आणि सुमारे ९१ सेंटिमीटर व्यासाच्या नव्या चाकाला त्याचे सूत्र लावले तर उत्तर साधारण १८ मीटर येते. ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला एकापेक्षा थोडे जास्त हेलकावे झाले. कमी वेगात ही नागमोडी आपोआप विरते. एका ठरावीक वेगापुढे मात्र ती वाढत जाते, कारण गाडीच्या पुढे जाण्यातलीच ऊर्जा ती आडवी वळवून घेते. रेल्वेचे अभियंते याला हंटिंग म्हणतात आणि नवा डबा ताफ्यात घेण्याआधी लखनौच्या आरडीएसओ संस्थेकडून त्याची ‘ऑसिलेशन ट्रायल’ होते. दाराशी लोंबकळणाऱ्या माणसाला जे आडवे धक्के बसतात, त्यांतले सगळे हंटिंगचे नसतात; रुळाचे सांधे आणि वळणेही त्यात असतात. पण डब्याच्या स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्याकडे या दोलनाला दाबून ठेवण्याचेही काम असते.

महामार्गावरची कोंडी त्याच कुळातली. पश्चिम द्रुतगती महामार्गावर सकाळी गोरेगाव ते अंधेरी गाडी थांबते, सुटते, पुन्हा थांबते आणि पुढे पाहावे तर ना अपघात ना खड्डा. २००८ मध्ये जपानच्या नागोया भागात सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी चालवल्या. चालकांना एवढेच सांगितले होते की ताशी तीसेक किलोमीटर वेग धरा. थोड्या वेळात आपोआप कोंडीची लाट तयार झाली आणि ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने गाड्यांच्या उलट दिशेला सरकू लागली. दोषी कोणी नव्हता. दोष होता तो पुढच्या गाडीने ब्रेक मारला हे कळण्यात आणि आपण ब्रेक मारण्यात गेलेल्या सेकंदाचा. गर्दी एका मर्यादेपुढे गेली की तेवढा विलंब पुरतो. विरळ रस्त्यावर तोच चालक तोच विलंब करतो आणि काही होत नाही. मार्गिका वाढवल्या तरी गर्दी ती मर्यादा पुन्हा गाठते, आणि लाट परत येते. महामार्ग रुंद करून कोंडी संपेल असे आश्वासन देणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा पाहावा.

विलंब हा दुसऱ्या जातीच्या दोलनाचा प्राण. डहाणू लोकलने बोईसरला उतरले की तारापूर जवळच. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांत, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, हा विलंब तासांत मोजावा लागतो. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होते. त्याचे अर्धायुष्य ६.६ तास. ते विघटित होऊन झेनॉन-१३५ होते आणि ते न्यूट्रॉन गिळते. म्हणजे भट्टीच्या एका कोपऱ्यात आज शक्ती वाढली तर तिला मारणारे विष काही तासांनी जन्माला येते. तोवर दुसऱ्या कोपऱ्यात उलटे चाललेले असते. एकूण शक्ती स्थिर दिसत असताना आत ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलते, साधारण एका दिवसाहून थोड्या जास्त काळाच्या आवर्तनाने. लहान भट्टीत हे होत नाही. तारापूरच्या आकाराच्या भट्टीत होते. म्हणून तिथे साध्या पाण्याचे १४ कप्पे बसवले आहेत, आणि कुठल्या कप्प्यात किती पाणी ठेवायचे याचा हिशेब यंत्रणा सतत करत राहते.

बाहेरच्या ठेक्याविना दोलन होऊ शकते, हे मान्य करायला रसायनशास्त्राने फार वेळ घेतला. मॉस्कोत बोरिस बेलौसोव्ह यांनी १९५१ मध्ये एक द्रावण पाहिले जे पिवळे व्हायचे, रंगहीन व्हायचे, पुन्हा पिवळे व्हायचे. नियतकालिकाने लेख परत पाठवला: असे होऊच शकत नाही, अभिक्रिया समतोलाकडे एका दिशेने जाते, मागेपुढे करत नाही. आक्षेप अर्धा बरोबर होता. समतोलाच्या जवळ असे खरेच होत नाही. पण समतोलापासून दूर असलेले द्रावण इंधन संपेपर्यंत घड्याळासारखे चालू शकते, आणि हे मान्य करण्यात उष्मागतिकीचा कुठलाही नियम मोडत नाही. १९५९ मध्ये एका अप्रसिद्ध संग्रहात त्यांचे छोटे टिपण छापून आले, साठच्या दशकात झाबोटिन्स्की यांनी ते काम उचलले आणि १९८० मध्ये लेनिन पारितोषिक मिळाले तेव्हा बेलौसोव्ह यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

या विषयाचे एक घर पवईच्या तलावाकाठी आहे. मुंबई आयआयटीच्या भौतिकशास्त्र विभागात पुनीत परमानंद यांच्या प्रयोगशाळेत पारा आणि कापूर यांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. पाऱ्याचा प्रयोग जुना, एकोणिसाव्या शतकातला. आम्लात पाऱ्याचा थेंब, सोबत ऑक्सिडीकारक, आणि थेंबाच्या कडेला जेमतेम टेकणारे लोखंडी टोक. थेंबाचा पृष्ठताण बदलतो, तो पसरतो, टोकाला लागतो, विजेची देवाणघेवाण होते, तो आक्रसतो, टोकापासून सुटतो, पुन्हा पसरतो. पाहणाऱ्याला धडधडणारे काळीजच दिसते. पवईच्या गटाने अशी एकापेक्षा जास्त ‘काळजे’ विजेच्या जोडणीने एकमेकांना बांधली आणि जोडणी हळूहळू वाढवली. जपानी भौतिकशास्त्रज्ञ कुरामोटो यांनी १९७५ मध्ये कागदावर भाकीत केले होते की जोड कमी असताना प्रत्येक जण आपापल्या ठेक्याने चालेल आणि एक उंबरठा ओलांडला की घोळका एकदम ताल धरू लागेल. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पवईच्या गटाच्या निबंधात हा उंबरठा पाऱ्याच्या थेंबांत दाखवलेला आहे. नंतरचे प्रयोग कापराचे. कापूर लावलेल्या कागदी पट्ट्या पाण्यावर टाचून ठेवल्या की कापराने बदललेल्या पृष्ठताणामुळे त्या गोल फिरतात. दोन पट्ट्या जवळ ठेवल्या की एकमेकींच्या चालीशी जुळवून घेतात. लहानपणी परातीत कापराची नाव सोडलेल्या वाचकाला यातले अर्धे भौतिकशास्त्र आधीच ठाऊक आहे. तिसऱ्या जातीचे दोलन, शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला झोका, इतक्या स्वस्तात आणि इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

जीवशास्त्रात तिन्ही जाती एकमेकींत मिसळतात, आणि गैरसमजही तिथेच जास्त. देहाच्या घड्याळाचे उदाहरण घ्या. मेंदूतल्या सुमारे वीस हजार चेतापेशींच्या एका गाठीत प्रत्येक पेशीचे स्वतःचे रासायनिक घड्याळ असते: जनुकापासून प्रथिन बनते, ते साचते आणि त्याच जनुकाला थांबवते. मधल्या विलंबामुळे हे आवर्तन साधारण दिवसभराचे होते. या यंत्रणेसाठी हॉल, रोसबाश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. पेशी एकमेकींशी ताल जुळवतात आणि वर सकाळचा उजेड रोज बाहेरून धक्का देतो, कारण माणसाचे आतले घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा काही मिनिटे मागे चालते. मालाड-अंधेरीच्या कॉल सेंटरमध्ये अमेरिकी वेळ पाळणाऱ्याची पंचाईत अशी की आतले घड्याळ आणि पाळी जुळत आली की सकाळी घरी परतताना ऊन डोळ्यांवर पडते आणि घड्याळ पुन्हा मुंबईच्या वेळेला लागते.

बोरिवलीच्या डोंगरावरची कारवी याहून गूढ. कान्हेरीच्या वाटेवर किंवा येऊरच्या उतारावर हे झुडूप वर्षानुवर्षे नुसते हिरवे राहते, ऑक्टोबरनंतर त्याच्या काड्याच काय त्या उरतात. पाड्यांवरच्या घरांच्या कुडाला त्या वापरतात. मग आठव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, सगळा उतार एकदम जांभळा होतो. उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ ही फुलोऱ्याची वर्षे. बिया पडल्या की झाडे मरतात आणि नवी पिढी पुन्हा आठ वर्षे मोजायला लागते. घाटातल्या दुसऱ्या डोंगरावर याच कारवीचे वर्ष वेगळे असते. आवर्तन तेच, सुरुवात निराळी. आता याला झोका कोण देते? पाऊस दरवर्षी येतो, तो आठव्याच वर्षी ढकलत नाही. झाडे एकमेकांशी बोलून ठरवतात याचा पुरावा नाही. बांबूच्या अशाच फुलोऱ्याबद्दल डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये मांडलेला विचार इथेही चालतो: एकाच वर्षी इतके बी पडते की उंदीर-पाखरांना ते संपवता येत नाही, गर्दी सोडून आधी किंवा उशिरा फुलणाऱ्या झाडाचे बी मात्र पूर्ण खाल्ले जाते आणि त्याचा वंश खुंटतो. म्हणजे ताल जुळवणारा खाणारा आहे, तोही पिढ्यान्‌पिढ्या चुकलेल्यांना वगळून. लंबकाच्या समीकरणात याला जागा कुठे आहे? आणि प्रत्येक झाड आठ वर्षे नेमकी मोजते कशी, हा प्रश्न तर आणखी वेगळा.

ओघात एक उलटे उदाहरण. पाठ्यपुस्तकात शिकारी आणि शिकार यांची संख्या आळीपाळीने वाढते-घटते. लोटका आणि व्होल्टेरा यांनी १९२०च्या दशकात त्याची समीकरणे मांडली. त्याच उद्यानात बिबटे आहेत, मग हे चक्र दिसायला हवे. पण इथल्या बिबट्याच्या आहारात काठावरच्या वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, आणि कुत्र्यांची संख्या बिबट्यावर नाही, आपल्या कचऱ्यावर ठरते. शिकारीकडून शिकाऱ्याकडे आणि परत, ही साखळीच मधे तुटली की चक्र फिरायला कारण उरत नाही.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मात्र प्लेगची. १८९६ मध्ये मांडवीत सुरू झालेला प्लेग पुढे कित्येक वर्षे दरसाल परतत राहिला: हिवाळ्यात डोके वर काढायचा, मार्चच्या आसपास कळस गाठायचा आणि पावसाळ्यात निवळायचा. १९२७ मध्ये एडिंबरात कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथींचा गणिती सिद्धान्त मांडला. मॅकेंड्रिक भारतात वैद्यकीय सेवेत राहिलेले. सिद्धान्ताचा ताळा म्हणून त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबईतले आठवड्यागणिक प्लेगचे मृत्यू घेतले. घंटेच्या आकाराची वक्ररेषा त्या आकड्यांवर सुरेख बसली आणि ती आकृती साथविज्ञानाच्या असंख्य पुस्तकांत गेली. करोनाच्या काळात ‘रुग्णसंख्येचा डोंगर’ दाखवणारी जी प्रतिमाने रोज वर्तमानपत्रांत यायची, त्यांचे कूळ थेट त्या लेखात आहे.

अडचण अशी की मुंबईतला प्लेग त्या सिद्धान्तात सांगितल्याप्रमाणे ओसरलाच नव्हता. सिद्धान्तानुसार साथ ओसरते ती लागण होण्याजोगी माणसे कमी झाल्यामुळे. पण प्लेग माणसाकडून माणसाला नव्हे, उंदरावरच्या पिसवेतून येत होता. परळच्या प्रयोगशाळेत त्याच काळात त्याचे पुरावे गोळा होत होते, आणि लेखकद्वयाने उंदरांचा उल्लेख केलाही होता. दरवर्षी ठरल्या महिन्यांत चढणारा-उतरणारा आलेख ऋतूकडे बोट दाखवतो. २०१२ मध्ये फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी हे आकडे पुन्हा तपासून दाखवले की ऋतुमान धरल्याशिवाय मुंबईचा प्लेग समजत नाही. म्हणजे आतून शमणारी साथ समजून ज्या आलेखाकडे पंच्याऐंशी वर्षे पाहिले गेले, त्याला बाहेरून ऋतूचा झोका होता. वक्ररेषा आकड्यांवर बसणे आणि कारण सापडणे, या दोन गोष्टींमधले अंतर याहून चांगले कोणी दाखवलेले मला माहीत नाही.

आता पाऊस. जुलैमध्ये आठवडाभर झोडपतो आणि मग दोन आठवडे ऊन. शेतकरी ज्याला खंड म्हणतात तो. १९७१ मध्ये मॅडन आणि ज्युलियन यांना विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारे, चाळीस-पन्नास दिवसांचे एक आवर्तन सापडले. १९८० मध्ये डी. आर. सिक्का आणि पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांची चित्रे दिवसागणिक लावून पाहिली आणि दाखवले की पावसाळ्यात ढगांचा पट्टा विषुववृत्तालगतच्या समुद्रावर तयार होऊन दर काही आठवड्यांनी उत्तरेकडे जमिनीवर चढतो. आपली झड आणि उघडीप त्या पट्ट्याच्या येण्या-जाण्याशी बांधलेली आहे. समुद्र तापतो, ढग येतात, ढगांनी सावली पडते, समुद्र निवतो, ढग सरतात. यातही विलंब आहे. पण हे दोलन स्वतःचे स्वतः चालते की धक्क्यांवर चालते, यावर अजून एकमत नाही.

वर्षावर्षांच्या पातळीवर तर झोका देणारे अनेक. गिल्बर्ट वॉकर भारतीय वेधशाळांचे प्रमुख असताना मान्सूनचे भाकीत शोधत होते आणि त्या शोधात त्यांना प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा ‘दक्षिणी हेलकावा’ सापडला. त्यावरून एल निनो म्हणजे दुष्काळ असा सोपा हिशेब रूढ झाला. १९९७ मध्ये शतकातल्या सर्वांत मोठ्या एल निनोंपैकी एक आला आणि पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच पडला. २००२ मध्ये एल निनो तुलनेने सौम्य, तर पाऊस १९ टक्के कमी. जुलैत तर सरासरीच्या जेमतेम निम्मा. गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातलाही एक हेलकावा हिशेबात धरावा लागतो. तो १९९७ मध्ये आपल्या बाजूने होता आणि २००२ मध्ये विरुद्ध. हे उत्तर शेवटचे नाही. पण एकाच्या नावाने बिल फाडायची सवय त्याने मोडली. हवामान खाते २०१६ पासून दोन ते चार आठवड्यांचे जे अंदाज देते, ते या आठवड्यांच्या आवर्तनांवरच उभे आहेत; त्यापलीकडे नेमक्या तारखेचा पाऊस सांगणारा भेटला तर त्याला किंमत देऊ नये.

उरली वीज. उपनगरांना वीज आली ती १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन कंपनीच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘बीएसईएस’च्या तारांतून. त्या तारांतले सेकंदाचे ५० हेलकावे हे माणसाने चालवलेले बहुधा सर्वांत अवाढव्य सामूहिक दोलन. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनी जोडली गेली आणि कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतची सगळी जनित्रे एका तालात फिरू लागली. पाऱ्याच्या थेंबांनी पवईत जे केले तेच इथे जनित्रांची जड चाके करतात. मागणी वाढली की चाके जरा मंदावतात, वारंवारिता ५०च्या खाली जाते. नियमानुसार ती ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवायची असते. चाकांचे वजन इथे गुण आहे. धक्का बसला तर ती लगेच थांबत नाहीत, सावरायला काही सेकंद देतात. तालाचे तोटेही असतात: दूरदूरचे गट एकमेकांविरुद्ध संथपणे झुलू शकतात आणि झोका आवरला नाही तर पुरवठा तुटतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईत लोकल थांबल्या, तेव्हा बाहेरच्या वाहिन्या एकामागून एक गेल्या होत्या आणि शहराला देशाच्या तालातून सोडवून स्वतःच्या जनित्रांवर चालवणारी, १९८१ पासूनची विलगीकरण व्यवस्था त्या दिवशी टिकली नाही.

त्यानंतर बाहेरून जास्त वीज आणण्याच्या कामांना वेग आला. खारघर-विक्रोळी वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. कुडूस ते आरे ही १००० मेगावॉटची वाहिनी मात्र एचव्हीडीसी, म्हणजे उच्चदाबाच्या एकदिश प्रवाहाची. तिच्यातून येणाऱ्या विजेत दोलनच नसते. आरेच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक उपकरणे त्या विजेला ५० हेलकाव्यांचे रूप देतात. सौर वीजही अशीच, चाकाविना येते. दूरच्या जाळ्यातले झोके अशा वाहिनीतून आत येत नाहीत, हा फायदा. पण जड चाकांनी धक्का पचवायला दिलेले ते सेकंदही तिच्यासोबत येत नाहीत. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले, त्याआधीच्या अर्ध्या तासात त्यांच्या जाळ्यात दोनदा मोठे संथ हेलकावे नोंदले गेले होते. चाके कमी होत जातील तसा ताल धरून ठेवण्याचे काम उपकरणांतल्या प्रोग्रामकडे जाईल, आणि तो प्रोग्राम बदलाला उत्तर द्यायला किती मिलिसेकंद घेतो यावर अंधेरी-मुलुंडचे दिवे अवलंबून राहतील.